घरनंबर

नोव्हेंबरात हियुमा बेटावर
साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
फेरीबोटीतून मी तीन पांढरे डबे आणले,
साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत,
बाबांच्या घरात कानाकोपऱ्यात वायफाय पोचावं म्हणून.
घराच्या मधोमध विटांची भट्टी आहे, पार छतापर्यंत.
ऊब सगळीकडे सोडते,
सिग्नल कुठेच नाही.

एक डबा खिडकीत, एक जिन्यावर,
तिसरा सौनाच्या दाराशी, टॉवेलांशेजारी.
तिघांचे दिवे निळे झाले.
काउर ओरडला, आई, सगळ्या रेघा!
मी हात झटकले.

मग प्रिंटर हरवला.
म्हणजे होता जागेवरच,
त्याच्यावर बाबांची लोकरी टोपी वाळत होती.
पण लॅपटॉप म्हणे, या घरात प्रिंटर नाही.
आणि बाबांच्या टॅबलेटला दिसेना
मी खुराड्यात लावलेला नवा कॅमेरा.

रात्री दहापर्यंत वायरी उपसल्या, खोचल्या,
तीस सेकंद मोजले, परत तीस.
मग कंटाळून आकडे वाचले.
प्रिंटर राहतो १९२.१६८.१ मध्ये,
मी १९२.१६८.६८ मध्ये.
मधे फक्त एक भिंत, आणि तिच्यावर आईचा फोटो.

बुटांच्या कपाटात, रबरी बुटांमागे,
कंपनीचा जुना राउटर अजून पत्ते वाटत होता.
त्याच्याच पाठीत वायर खुपसून
माझा नवाही वाटत होता.
आतली हाक कशीबशी बाहेर जायची,
बाहेरची आत येतच नव्हती.

बाबा बटाटे सोलत होते.
एकतीस वर्षं पोस्टमास्तर होते ते इथे.
म्हणाले, गावात घरनंबर एकानेच द्यायचे असतात.
एकदा दोघांनी दिले,
सामूहिक शेतीच्या कचेरीने आणि पंचायतीनेही.
दोन सात नंबर झाले.
लेइदाच्या भावाच्या मरणाची तार
चार दिवस दुसऱ्या सातमध्ये पडून राहिली.
तिथल्या बाईलाही भाऊ होता.
ती रडून मोकळी झाली, केकसुद्धा भाजला,
आणि पाचव्या दिवशी तिचा भाऊ मासे घेऊन दारात.

मला उपाय माहीत होता.
जुन्याचं तोंड बंद करायचं. ब्रिज मोड.
कंपनीला फोन लावला.
तिकडून मुलगी म्हणाली, करून देते,
पण त्याचं स्वतःचं वायफाय जाईल.
त्याच्यावर काही अडकलंय का?

बाबांनी सुरी ठेवली, वही काढली.
विहिरीचा पंप. कोठारातला थर्मामीटर.
कुंपणापलीकडच्या वाइकेचा रेडिओ,
पासवर्ड त्यांनीच दिलेला,
शेवया खायला बोलावलं होतं तिने.
हे मला ठाऊक नव्हतं.

मुलगी म्हणाली, नाहीतर तुमचा नवा गप्प करा.
पत्ते जुनाच देईल,
नवे नुसते पोचवतील.

एकशे एकोणनव्वद युरो मोजले होते मी.
फोनवर प्रश्न आला:
काही सुविधा बंद होतील. नक्की?
बाबा परत बटाट्याकडे वळले होते,
मुद्दाम, मला कळत होतं.
अंगठा बराच वेळ तिथेच राहिला.

दिवे नारिंगी झाले. विझले.
भट्टीत एक लाकूड खचलं.
मग निळे, एकेक करून, सौनाचा सगळ्यात शेवटी.

अकरा वीसला प्रिंटर घरघरला.
काउरचा शाळेचा नकाशा निघाला, सहा वेळा,
दुपारपासून जितक्यांदा मी बटण दाबलं होतं तितक्या वेळा.
बाबांनी आधी टोपी उचलली,
मग सहाही कागद, कडा जुळवून,
टेबलावर ठोकून सरळ केले,
आणि अंगठा जिभेला लावून मोजले.

उशिराने आलं, म्हणाले,
पण गहाळ काही नाही.